मागून बसणारा पिकअप: पाटा वाढवण्याआधी काट्यावर काय दिसलं

चार दारांचा डिझेल पिकअप आणि मागे एका ॲक्सलची कॅरव्हॅन. कोल्हापुरातून गगनबावडा, राधानगरी, आंबोली आणि अधूनमधून हायवेने निपाणीमार्गे बेळगावकडे, असा वापर. मालकाच्या तक्रारी तीन. कॅरव्हॅन जोडली की गाडी मागून बसते आणि समोरून येणारे दिव्यांवरून शिव्या देतात. तवंदी घाट उतरताना सत्तरच्या वर गेलं की ट्रेलर डुलायला लागतो. आणि खड्ड्यात मागून ठक्क करून आवाज येतो. इलाजही त्यांनी ठरवूनच टाकला होता: उद्यमनगरात गाडी न्यायची आणि मागे दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) वाढवून घ्यायचे.

पाटा वाढवावा लागला, पण दोन नाही, एकच. आणि तोही सगळ्यात शेवटी. तसाच घाईने टाकला असता तर गाडी दिसायला सरळ झाली असती आणि ट्रेलर पहिल्यापेक्षा जास्त डुलला असता. ते कसं, हे पुढे येईलच.

गैरसमजाचं मूळ आपल्या रस्त्यांवरच आहे. ऊस वाहणारी चारचाकी ट्रॉली ट्रॅक्टर फक्त ओढतो. तिचं वजन तिच्याच चार चाकांवर असतं, हुकावर जवळपास काहीच येत नाही. एका ॲक्सलची कॅरव्हॅन तशी नाही. तिच्या वजनाचा एक भाग कपलिंगमधून (ट्रेलरच्या नाकावरची जोडणी) थेट टो बॉलवर, म्हणजे पिकअपमागच्या गोळ्यावर बसतो. हे नाकाचं वजन. आणि बॉल असतो पिकअपच्या मागच्या ॲक्सलच्याही बराच मागे, म्हणजे तिथला प्रत्येक किलो मागचा ॲक्सल दाबतो आणि पुढचा उचलतो.

या गाडीत दोन ॲक्सलमधलं अंतर ३,१०० मिमी, मागच्या ॲक्सलपासून बॉल १,२५० मिमी मागे. नाकावर १५० किलो आले तर पुढच्या ॲक्सलवरून १५० × १,२५० ÷ ३,१०० म्हणजे सुमारे ६० किलो उचलले जातात आणि मागच्यावर २१० पडतात. दीडशेचे दोनशे दहा. हौद्यात फाळक्याला टेकवून ठेवलेल्या सामानाचंही तसंच, फक्त प्रमाण कमी.

काट्यावर

पहिलं काम वजनकाट्याचं. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीच्या बाजूला काटे भरपूर आहेत; उसाच्या हंगामात मात्र ट्रॉल्यांच्या रांगेत अडकायचं नसेल तर कारखान्याच्या वाटेवरचा काटा टाळावा. काट्याच्या दोन्ही तोंडांची जमीन प्लॅटफॉर्मच्या पातळीत हवी, नाहीतर एकेका ॲक्सलचं वजन चुकीचं येतं. वजन घेताना गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला आणि माणसं आपापल्या जागी बसलेली असावीत. काट्यावर आधी फक्त पुढची चाकं घ्यायची, मग पिकअपची चारही चाकं. ट्रेलर जोडलेला असेल तेव्हा त्याची चाकं प्लॅटफॉर्मच्या बाहेर राहिली पाहिजेत. शेवटी ट्रेलर सोडून त्याचं एकट्याचं वजन.

हे आकडे निघाले:

फक्त ड्रायव्हर: पुढे १,१४०, मागे ९००, एकूण २,०४० किलो.
चौघे जण बसून, हौदा रिकामा: पुढे १,२४०, मागे ९९०, एकूण २,२३०.
हौद्यात २२० किलो सामान आणि कॅरव्हॅन जोडलेली: पुढे १,१४०, मागे १,४६०, एकूण २,६००.
कॅरव्हॅन एकटी, भरलेली: १,१००.

आरसीवर या पिकअपचं भरलेलं कमाल वजन २,५५० किलो. म्हणजे गाडी ५० किलोंनी जास्त भरली होती. चार माणसं बसूनही पुढच्या ॲक्सलवर तेवढंच वजन, जेवढं एकट्या ड्रायव्हरला होतं. स्टेअरिंग हलकं का लागतं, याचं उत्तर इथेच मिळालं. पाटे कितीही टाका, २,६०० चे २,५५० होणार नाहीत. पाटा गाडीची उंची बदलतो, वजन नाही.

काट्यावरून उतरायच्या आधी उंचीही मोजून घ्यावी. चाकाच्या हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, चारही चाकांवर, मिलिमीटरमध्ये. जमिनीपासून मोजलं तर टायरच्या हवेचा फरक आत शिरतो. मागची उंची रिकामी ५४० होती, भरल्यावर ४५५. ८५ मिमीचा खड्डा. ॲक्सल आणि चासीखालचा रबरी बफर यांच्यात रिकामं असताना ९५ मिमी अंतर होतं, भरल्यावर १० उरलं. ठक्क आवाज त्याचाच. बफर टेकला की त्या क्षणी गाडीला मागे स्प्रिंग उरतच नाही. आणि पुढचं तसंच राहून मागचं ८५ मिमी बसलं की दिव्याचा झोत ३० मीटरवर ८० सेंमी वर जातो. शिव्या रास्त होत्या.

नाकाचं वजन

बॉलवरचं वजन काट्याच्या पावत्यांवरून काढता येतं, पण मोठ्या काट्याची नोंद १०-१० किलोंनी पुढे जाते. घरच्या घरी जास्त बारीक मोजता येतं. न्हाणीघरातला वजनकाटा, एक वीट, एक जाड फळी. फळीचं एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर, टेकूंमधलं अंतर ९० सेंमी. विटेपासून ३० सेंमीवर लाकडी ठोकळा उभा करायचा आणि त्यावर कपलिंग टेकवायचं. काट्यावर खऱ्या वजनाचा तिसरा हिस्सा येतो. आधी नुसत्या फळी-ठोकळ्याचा आकडा वजा करायचा, उरलेल्याची तिप्पट करायची. ठोकळ्याची उंची अशी ठेवायची की कपलिंग प्रत्यक्ष जोडल्यावर येतं त्याच उंचीला राहील. ट्रेलरच्या चाकांना ओट (चाक सरकू नये म्हणून दगड किंवा ठोकळा) लावल्याशिवाय यातलं काहीही करू नये.

आकडा आला १५०. १,१०० किलोंच्या ट्रेलरला हे साडेतेरा टक्क्यांच्या वर झालं, आणि या ट्रेलरच्या कपलिंगवरच्या पट्टीवर मर्यादा छापलेली होती १०० किलो. ती पट्टी कुणी वाचलेली नव्हती.

कॅरव्हॅनच्या नाकात काय होतं? इन्व्हर्टरची १५० एएच ट्युब्युलर बॅटरी, सुमारे ५५ किलो. घरगुती १४.२ किलोंचा गॅस सिलिंडर, जो भरलेला ३० किलोंच्या घरात जातो. जॅक, पाने, साखळी. ट्रेलरच्या ॲक्सलपासून कपलिंग ३.४ मीटर पुढे. बॅटरी ॲक्सलच्या २.३ मीटर पुढे होती, म्हणजे एकट्या तिचे ३७ किलो नाकावर. ती पलंगाखाली, ॲक्सलच्या २० सेंमी पुढे आणली, तेव्हा नाकावर तिचे ३ किलो राहिले. ट्युब्युलर बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, त्यामुळे तिला झाकणबंद पेटी आणि बाहेर काढलेली नळी हवी. तार लांबली म्हणून एक नंबर जाड तार घेतली आणि फ्यूज बॅटरीला लागूनच ठेवला. मोठ्या सिलिंडरच्या जागी ५ किलोंचा छोटा आला, तिथे आणखी १३ किलो सुटले. जॅक-पाने ॲक्सलवरच्या कप्प्यात गेले. नाकाचं वजन ९५ वर आलं, ट्रेलर १,०८० चा झाला. पावणेनऊ टक्के, आणि कपलिंगच्या मर्यादेत.

इथे सोपा वाटणारा एक मार्ग सपशेल चुकीचा आहे. नाक जड आहे म्हणून शेपटाला वजन लावायचं: मागच्या भिंतीवर सायकली, स्टेपनी, पाण्याचे कॅन. बॉलवरचा आकडा खाली येतो, पण दोन्ही टोकांना वजन असलेला ट्रेलर एकदा डुलायला लागला की थांबत नाही. वजन मध्यावर असलं की ते डुलणं दोन झोक्यांत शमतं. म्हणून जड वस्तू ॲक्सलच्या अर्ध्या मीटरच्या आत आणि जमिनीलगत. बाकी जागा गाद्या-कपड्यांना. पाण्याची टाकी ॲक्सलवर असेल तर पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी. अर्धी टाकी आत डचमळते आणि ब्रेक लावला की नाकाचं वजन क्षणोक्षणी बदलतं.

पिकअपच्या हौद्यातलं सामान फाळक्यापासून उचलून केबिनच्या भिंतीला लावलं. पाण्याचे भरलेले कॅन आणि गरजेपेक्षा जास्त हत्यारं मिळून ६० किलो घरी राहिले. पाणी मुक्कामाला मिळतं. पुन्हा काट्यावर: पुढे १,२१०, मागे १,२८०, एकूण २,४९०. मागच्या ॲक्सलवरून १८० किलो उतरले आणि अजून पान्याला हात लागला नव्हता. आरसीच्या मर्यादेखाली ६० किलो जागाही राहिली.

आता पाटा

एवढं झाल्यावर मागची उंची ४८२, बफरचं अंतर ३७ मिमी. तवंदीला पुरलं असतं, करूळ घाटाच्या वळणांवर नाही. भरल्या गाडीला बफरपर्यंत ६० मिमी तरी हवेत. म्हणजे स्प्रिंगचं काम खरंच बाकी होतं, फक्त मालक समजत होते त्याच्या अर्धं.

या पिकअपला मागे ७ मिमी जाडीचे चार पाटे आणि खाली एक ओव्हरलोड पाटा, जो जास्त भार आला तरच टेकतो. इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्समध्येही मांडणी याच धाटणीची: पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. रिकाम्या गाडीत आराम वाटावा म्हणून संच मऊ ठेवलेला असतो. मोजमापावरून हिशेब निघतो: ५६० किलो वाढल्यावर गाडी ८५ मिमी बसली, म्हणजे दोन्ही संच मिळून मिलिमीटरला ६.६ किलो.

पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनावर जातो. ७ मिमीचा आणखी एक पाटा टाकला तर चाराचे पाच, कडकपणा २५ टक्के वाढतो. हाच पाटा ८ मिमीचा घेतला तर तो एकटाच ७ मिमीच्या दीड पाट्याइतका भारी, आणि वाढ ३७ टक्क्यांवर जाते. "एक मिलिमीटरने काय होतंय" असं दुकानात सहज म्हटलं जातं, इतकं होतं. मालकांच्या मनातल्या दोन पाट्यांनी कडकपणा ५० टक्के वाढला असता, आणि आठवडाभर रिकामी फिरणारी गाडी ओल्या रस्त्यावर मागून घसरायला लागली असती. मागचा भाग पुढच्यापेक्षा फार कडक झाला की वळणात मागची पकड आधी सुटते.

एअरबॅगचाही (स्प्रिंगच्या मदतीला बसवायची, हवा भरून फुगणारी रबरी पिशवी) विचार झाला. रिकामं असताना हवा कमी, जोडताना जास्त, ही सोय खरी. पण पाट्याच्या गाडीत एअरबॅग बहुधा बफरच्या जागी बसते आणि सगळा भार चासीच्या त्या एकाच बिंदूवर टाकते. पाटा तोच भार पुढचा हँगर आणि मागची शॅकल (पाट्याची टोकं चासीला धरणारे पुढचा आधार आणि मागची हलती कडी) असा दोन ठिकाणी वाटतो. डबल कॅबच्या मागे लांब लोंबणारं वजन आणि खाली फुगवलेली एअरबॅग, या जोडीने चासी केबिनमागे वाकल्याची उदाहरणं ऑस्ट्रेलियात भरपूर आहेत. हलक्या नाकाला एअरबॅग चालते. इथे नाक हलकं केलं होतं, तरी खराब रस्त्याचा वापर पाहता पाटाच बरा. शिवाय तुटला तर आजऱ्यातही दुरुस्त होतो.

कायद्याची बाजू: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. काम सुरू करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी दोघांना विचारून घ्यावं. आणि पाटा वाढला म्हणून आरसीवरचं वजन एका किलोनेही वाढत नाही.

बसवताना

पाटा नवा घ्यावा, स्प्रिंग स्टीलचाच: ६५एसआय७, एसयूपी९ किंवा ५०सीआरव्ही४. भंगारातला, दुसऱ्या गाडीचा पाटा गॅसने तापवून वाकवलेला असेल तर त्याचं पाणी गेलेलं असतं. तो महिन्या-दोन महिन्यांत सपाट होतो किंवा भोकापाशी तुटतो. सेंटर बोल्टचं भोक ड्रिलने पाडलेलं हवं, गॅस कटरने नाही. कमान शेजारच्या पाट्याला जुळती ठेवावी. "थोडी जास्त कमान देतो, गाडी उचलून दिसेल" हे ऐकू नये: जास्त कमानीचा पाटा बाकीच्यांआधी भार घेतो आणि तोच आधी मोडतो.

दोन्ही बाजूंना एकच जाडी, एकच लांबी. जागा दुसऱ्या आणि तिसऱ्या पाट्याच्या मध्ये. गाडी चासीवर स्टँड लावून टेकवायची, ॲक्सल जॅकवर. सेंटर बोल्ट नवा आणि ७ मिमीने लांब; त्याचं डोकं ॲक्सलच्या बैठकीच्या भोकात पूर्ण बसलं नाही तर ॲक्सल तिरका होतो आणि गाडी कडेकडेने चालते. पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट आणि नटही नवेच. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तेवढा धरत नाही. चार नट कोपऱ्या-कोपऱ्याने आलटून पालटून, टॉर्क रेंचने, सर्व्हिस मॅन्युअलच्या आकड्याला. पाटे एकत्र धरणाऱ्या रिबाउंड क्लिप नवीन जाडीला मोठ्या करून घ्यायच्या.

सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट शॅकलच्या बोल्टांची. चाकं लोंबकळत असताना ते शेवटपर्यंत आवळले की रबरी बुश त्या स्थितीत घट्ट धरला जातो. गाडी खाली आली की तो कायमचा पिळलेला राहतो आणि लवकरच फाटतो. आधी नुसते लावून ठेवायचे, गाडी चाकांवर उभी करून दोन-चारदा दाबायची, मग आवळायचे.

मागे ब्रेकचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असेल तर तो आठवणीने पाहायचा. त्याची सळई ॲक्सलला जोडलेली असते. गाडी उचलली गेली की व्हॉल्व्हला वाटतं हौदा रिकामा आहे, आणि तो मागच्या ब्रेकचा दाब कमी करतो. म्हणजे भरल्या गाडीचे मागचे ब्रेक कमजोर. मॅन्युअलप्रमाणे सळई पुन्हा लावून घ्यायची. ज्या गाडीत हे काम इलेक्ट्रॉनिक्स करतं, तिथे हा प्रश्न येत नाही. ब्रेकची रबरी नळी आणि एबीएसची वायर चाक पूर्ण खाली लोंबल्यावर ताणत नाही ना, तेही तेव्हाच बघायचं.

शॉकअप मागचे दोन्ही बदलले. एकाच्या दांड्यावर तेलाचा ओला पट्टा होता. कडक पाटा आणि दमलेला शॉकअप ही वाईट जोडी: पाटा जास्त जोराने परत फेकतो आणि त्याला आवरणारं कोणी नसतं. गाडी आणि ट्रेलर मग आळीपाळीने नाक आपटत चालतात.

काम झाल्यावर मागची उंची रिकामी ५५८, भरलेली ५१२, बफरचं अंतर ६७ मिमी.

आणि मग बॉल वर गेला

रिकाम्या गाडीचा बॉल मूळ ५२० मिमी उंचीवर. पहिल्या अवस्थेत गाडी इतकी बसायची की बॉल ४०० वर यायचा. कॅरव्हॅनची फरशी समतल राहायला कपलिंग ४३० वर हवं. म्हणजे गाडी बसत होती, पण तिच्या बसण्यामुळेच ट्रेलरचं नाक किंचित खाली, डुलणं कमी राहील अशा स्थितीत होतं. पाटा टाकल्यावर भरल्या गाडीचा बॉल ४८४ वर राहिला: नाक ५४ मिमी वर. नाक वर असलेला ट्रेलर जास्त डुलतो, बॉलवरचा दाबही थोडा कमी होतो. सुरुवातीला म्हटलं ते हेच. पाटे वाढवून आलेली गाडी पहिल्यापेक्षा वाईट का चालते, याचं हे नेहमीचं कारण आहे, आणि दोष मात्र पाटेवाल्याला दिला जातो.

इलाज सरळ आहे: बॉल ज्यावर बसतो ती टो-जीभ ६० मिमी खाली घेतलेली. उंची ४२४ झाली, नाक किंचित खाली. जीभ कापून वेल्ड करून खाली घेऊ नये. योग्य मापाची, वजनमर्यादा छापलेली घ्यावी.

टायरचं काम पाच मिनिटांचं, पण डुलण्यावर त्याचा परिणाम मोठा. ट्रेलर जोडताना मागच्या टायरमध्ये दारावरच्या स्टिकरवर भरल्या गाडीसाठी दिलेला दाब, टायर गार असताना. इथे ३० चा ३८ झाला. मऊ टायरची बाजू आडवी लवते आणि पिकअपची शेपटी ट्रेलरच्या तालावर हलते. ट्रेलरच्या टायरची नक्षी शाबूत असली तरी त्यावरचे तारखेचे चार आकडे वाचावेत (पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष), कारण कॅरव्हॅनचे टायर झिजण्याआधी उभ्या उभ्या तडकतात.

चाचणी आधी शिरोलीच्या मोकळ्या सर्व्हिस रस्त्यावर, ब्रेकसाठी. मग हायवेवर ६०, ७०, ८० असे टप्पे, शेजारून ट्रक जाताना मुद्दाम लक्ष ठेवून. ट्रकच्या हवेचा धक्का येतो, ट्रेलर एकदा हलतो आणि सरळ होतो, तर काम झालं. तिसरा झोका दुसऱ्यापेक्षा मोठा असेल तर तिथेच वेग उतरवून परतायचं आणि नाकाचं वजन पुन्हा मोजायचं. डुलणं सुरू झालंच तर ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टेअरिंग सरळ धरायचं. पिकअपचा ब्रेक जोरात दाबू नये, आणि वेग वाढवून ट्रेलर ओढून सरळ करायला तर अजिबात जाऊ नये.

करूळ घाटासाठी वेगळी सूचना. या कॅरव्हॅनचा ब्रेक ओव्हररन पद्धतीचा: ट्रेलर पुढे ढकलला गेला की कपलिंग आत सरकतं आणि ब्रेक लागतो. घाट उतरताना इंजिन ब्रेकवर असलं तरी तो ढकलतच राहतो, म्हणजे त्याचे ड्रम सतत तापत असतात. गगनबावड्याहून निघताना दुसरा-तिसरा गिअर, वाटेत सुरक्षित जागा पाहून थांबा, ट्रेलरच्या हबजवळ हात नेऊन उष्णता बघा. हात लावू नका. एकच बाजू तापलेली असेल तर त्या बाजूची केबल अडकलेली असू शकते.

यू-बोल्ट १०० किमीनंतर आणि पुन्हा ५०० किमीनंतर टॉर्कला तपासायचे. नवे पाटे एकमेकांवर बसताना थोडे ढिले होतातच. पावसाळ्यानंतर पाट्यांच्या मधला चिखल पाण्याच्या फवाऱ्याने काढायचा, टोकांच्या नायलॉन चकत्या शाबूत आहेत का बघायचं. आणि कॅरव्हॅन सोडून गाडी रिकामी चालवायची असेल तेव्हा मागच्या टायरचा दाब परत ३० वर आणायचा.